सागरी सहल ठरवताना तिथी बघा

मा. संपादक,

माझी मुलगी पाचवीत आहे. तिच्या शाळेची सागरी जीवनाची सहल शुक्रवारी जुहूला गेली, आम्ही पाचशे रुपये भरले, टोपी, वही, पेन्सिल सगळं दिलं आणि पोरं परत आली ती ओले बूट घेऊन. काय बघितलंस विचारलं तर म्हणाली, "पाणी." कारण त्या दिवशी होती पौर्णिमा आणि बस पोचली अकराला, म्हणजे ऐन भरतीत!

आमच्याकडे मासळी घेऊन येणाऱ्या माहीम कोळीवाड्यातल्या मावशींना सांगितलं तर त्यांनी कपाळावर हात मारला. "पुनवेला अकराला दर्या भरलेला असतो गं." त्यांचा हिशोब साधा आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, पौर्णिमेची पंधरावी तिथी म्हणजे सव्वाअकरा, आणि साधारण सहा तास मागेपुढे ओहोटी.

रविवारी द्वितीया होती, म्हणजे दोनची पाऊणपट दीडला भरती आणि सहा तासांनी मागेपुढे साडेसातला ओहोटी, म्हणून सकाळी साडेसातला मुलीला घेऊन कार्टर रोडच्या खडकांवर गेले, मावशी पण आल्या. पाणी लांब गेलेलं. खडकातल्या एका वाटीएवढ्या खळग्यात सी अ‍ॅनिमोन होतं, म्हणजे खडकाला चिकटून राहणारा एक समुद्री प्राणी, पाकळ्या पसरून बसलेलं फूलच जणू, मावशींनी वरून थोडं पाणी हलवलं तर चटकन मिटलं. मग एक शंख चालायला लागला, आत खेकडा, आमची सावली पडली की आत, आणि मुलगी पाच मिनिटं श्वास रोखून त्याचे पाय परत बाहेर यायची वाट बघत बसली, घरी एक मिनिट शांत न बसणारी पोर! खडकाला चिकटलेली कालवं मावशींनी दाखवली, पण शंखांना हात लावू दिला नाही, काही विषारी असतात म्हणाल्या, आणि पाणी वळताना दिसलं तसं लगेच वर यायला लावलं.

2020 मध्ये कोस्टल रोडसाठी वरळी-हाजीअलीची पोवळी, म्हणजे जिवंत प्रवाळ, दुसरीकडे हलवली तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मुंबईत पोवळी आहेत, चाळीस वर्षं इथे राहून. 1951 चं तारापोरवाला मत्स्यालय पण बंद पडलंय, मग मुलांनी बघायचं कुठे?

म्हणून शाळांना कळकळीची विनंती, तारीख ठरवताना बसवाल्याला फोन करायच्या आधी कॅलेंडर बघा, मुलांना सहाला बोलवावं लागलं तर बोलवा, आम्ही पालक उठवू त्यांना, आणि कोळीवाड्यातलं जाणतं माणूस मानधन देऊन सोबत घ्या.

– एक पालक, माहीम