कर्णाला वाचवू नका, व्यासांचा कर्ण दाखवा

महोदय,

छोट्या पडद्यावर महाभारत आले की सर्वांत जास्त टाळ्या कर्णाला पडतात आणि सर्वांत जास्त मोडतोडही त्याचीच होते. दूरदर्शनवर २ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९० या काळात ९४ भागांचे महाभारत झाले. २०१३-१४ मध्ये खासगी वाहिनीवर २६७ भागांचे झाले. २०१५ मध्ये तर कर्णाच्याच नावाने स्वतंत्र मालिका आली. भाग वाढले, कवचकुंडलांची चकाकी वाढली, आणि कर्ण मात्र लहान लहान होत गेला. कर्णावर जीव टाकणाऱ्या प्रेक्षकांची तक्रार मालिका त्याला वाईट दाखवतात अशी नाहीच. त्याला जपण्याच्या नादात त्या त्याची सगळी कथाच काढून घेतात, ही तक्रार आहे.

सभापर्वातले द्यूत घ्या. पडद्यावर द्रौपदीची वस्त्रे फेडण्याची आज्ञा दुर्योधन देतो, दुःशासन पुढे होतो, शकुनी फासे चोळत हसतो. कर्ण कुठेतरी बाजूला बसलेला. बोललाच तर चिडून, मनावर जुना घाव असल्यासारखा, आणि लगेच पुढच्या शॉटमध्ये त्याच्या डोळ्यांत पाणी. मूळ ग्रंथात क्रम वेगळा आहे आणि तो क्रमच महत्त्वाचा आहे. भीष्म-द्रोण गप्प असताना धृतराष्ट्राचा एक तरुण मुलगा, विकर्ण, उठतो आणि द्रौपदी जिंकली गेलेलीच नाही असे स्पष्ट सांगतो. त्याला खोडून काढायला उठतो तो कर्ण. स्त्रीला देवांनी एकच पती नेमून दिला आहे, ही अनेकांची आहे म्हणून ही बंधकी, म्हणजे कुलटा, हिला एकवस्त्रा किंवा विवस्त्र सभेत आणले तरी त्यात नवल नाही, असा त्याचा युक्तिवाद. आणि मग तोच दुःशासनाला सांगतो, पांडवांची वस्त्रे काढ आणि द्रौपदीचीही. व्यासांनी ही आज्ञा कर्णाच्या तोंडी घातली आहे. रागाच्या भरात निसटलेले हे एखादे वाक्य नाही, मुद्देसूद केलेला प्रतिवाद आहे. म्हणून तो अंगावर येतो.

मालिकेत बहुधा विकर्णालाच कात्री लागते किंवा त्याचे दोन वाक्यांत आटोपते. विकर्ण गेला की कर्णाने उत्तर द्यावे असा कोणी उरत नाही. मग त्याचे शब्द एक तर दुर्योधनाकडे जातात किंवा अधांतरी लटकतात. हाच विकर्ण पुढे वनपर्वात परत येतो. घोषयात्रेत, म्हणजे कौरव गोधन पाहायला वनात गेले तेव्हा, चित्रसेन गंधर्वाच्या सैन्याने कर्णाचा रथ मोडून टाकला, तेव्हा कर्ण ज्या रथावर चढून रणातून निसटला तो रथ विकर्णाचा होता. ज्याचे तोंड भर सभेत बंद केले त्याच्याच रथाने जीव वाचला. अशी जोडणी हाताशी तयार असताना पटकथा लिहिणाऱ्यांना ती दिसू नये, याचे फार वाईट वाटते.

सभेतले शब्द काढून टाकले की नुकसान कुठे होते, ते उद्योगपर्वात कळते. शिष्टाई फसल्यावर कृष्ण कर्णाला रथात घेऊन नगराबाहेर नेतो, त्याचा जन्म सांगतो, राज्य देऊ करतो. कर्ण नकार देतो. आपल्याला वाढवणाऱ्या आईबद्दल, राधेबद्दल, तो जे बोलतो ते ऐकून आजही घसा दाटतो: मला पाहताच तिला पान्हा फुटला, तिने माझे मलमूत्र काढले, तिचा पिंड मी कसा मोडू? तिचा पती अधिरथ याने जातकर्म केले, वसुषेण नाव ठेवले, लग्ने लावून दिली. आणि याच संभाषणात तो कृष्णाला म्हणतो की दुर्योधनाला बरे वाटावे म्हणून मी पांडवांना जे कटू बोललो, त्या कृत्याने आज मी पोळतो आहे. संस्कृतातला शब्द आहे ‘तप्ये’. कर्णाच्या साऱ्या आयुष्यातली ही एकच सरळ, विनाअट कबुली. सभेत तो काही बोललाच नसेल, किंवा बोलताक्षणीच रडला असेल, तर ही कबुली कशाची? प्रेक्षकाने ते विष आधी ऐकलेले हवे, तरच वर्षांनंतरचा हा एक शब्द त्याच्या काळजाला भिडेल. मालिका पश्चात्ताप तिथल्या तिथे उरकते आणि मग खऱ्या पश्चात्तापाच्या वेळी तिच्या हातात काही राहत नाही.

रथाचे चाक रुतते त्या प्रसंगाचेही असेच होते. कर्ण धर्माची आठवण करून देतो आणि कृष्ण विचारतो, रजस्वला द्रौपदी दुःशासनाच्या हाती असताना तू सभेत हसलास, तेव्हा तुझा धर्म कुठे होता? मोरोपंतांच्या आर्येमुळे ‘तेव्हा गेला होता कोठे राधासुता तुझा धर्म?’ हा प्रश्न मराठीत म्हणीसारखा वापरला जातो. पडद्यावरचा कर्ण जर त्या सभेत निर्दोष असेल, तर हा प्रश्न एका असहाय माणसावर केलेला अन्याय वाटू लागतो. कृष्ण खलनायक ठरतो, अर्जुन भेकड ठरतो. एका पात्राला धुऊन काढताना बाकीची दोन पात्रे मळतात.

स्वयंवराबाबत थोडे सांगायला हवे, कारण साऱ्या मालिकांचा डोलारा त्यावर उभा असतो. कर्ण धनुष्य उचलतो, द्रौपदी ‘मी सूताला वरणार नाही’ म्हणते, वीज कडाडते, आणि पुढच्या सगळ्या वैराचे मूळ तिथे दाखवले जाते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेऊन १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या चिकित्सक आवृत्तीत, १,२५९ हस्तलिखितांच्या आधारे सिद्ध केलेल्या पाठात, द्रौपदीचे हे वाक्य मूळ संहितेत नाही. ते तळटीपेत गेले आहे. प्रयत्न करून हरलेल्या राजांत कर्णाचेही नाव येते. काही जुन्या पाठांत वाक्य आहे, त्यामुळे ते दाखवणे हा गुन्हा नव्हे. पण त्याचा उपयोग कसा होतो ते पाहा. द्रौपदीने अपमान केला म्हणून कर्णाने सभेत बदला घेतला, असा हिशेब मांडला जातो. म्हणजे कर्णाचा दोषही शेवटी बाईच्या माथी. हे कर्णालाही लाज आणणारे आहे. त्याने कृष्णापुढे स्वतःच कारण सांगितले आहे, आणि ते दुर्योधनाची मर्जी हे आहे. त्यात द्रौपदीचा उल्लेखही नाही.

द्रोणांनी सूतपुत्र म्हणून हाकलून दिले, ही दुसरी ठरलेली खूण. आदिपर्वात द्रोणांकडे शिकायला आलेल्यांत राधेयाचे नाव स्पष्ट आहे. द्रोणांनी नाकारले ते ब्रह्मास्त्र, आणि म्हणून तो परशुरामांकडे गेला, असे शांतिपर्वात नारद सांगतात. दोन्हींत फरक मोठा आहे. एकात दारच बंद आहे, दुसऱ्यात आत घेऊन शेवटच्या खोलीला कुलूप. दुसरे जास्त सलते.

कवचकुंडलांच्या दानातही त्याला देव्हाऱ्यात बसवले जाते. मूळ कथेत सूर्य स्वप्नात ब्राह्मणाच्या रूपाने येऊन त्याला आधीच सावध करतो. देऊ नकोस म्हणतो. कर्ण म्हणतो, मला प्राणापेक्षा कीर्ती प्रिय आहे. मग सूर्य म्हणतो, निदान बदल्यात अमोघ शक्ती माग. आणि कर्ण ती मागून घेतो. देतो सगळे, पण डोळे उघडे ठेवून, सौदा करून, वर माझे अंग विद्रूप दिसू नये अशी अटही घालतो. पडद्यावर अनेकदा इंद्र ओशाळून आपणहून शक्ती देतो. त्यात दानशूरपणा उजळतो आणि माणूस पुसला जातो. कीर्तीची ती भूक ही कर्णाची खरी नस आहे. ती दाबली की तेराव्या दिवशी अभिमन्यूचे धनुष्य तोडणारा कर्ण कुठून आला, हे प्रेक्षकाला उमगत नाही. मग तेही द्रोणांच्या माथी मारून मोकळे व्हावे लागते.

हे असे का होते, याचे उत्तर मालिकेच्या रोजच्या गणितात आहे. अर्ध्या तासाच्या भागातून जाहिराती वजा जाता वीस-बावीस मिनिटे उरतात. त्यातही एका वाक्यावर समोरच्या सात जणांचे चेहरे, प्रत्येकावर तीनदा झूम. शेवटी धक्का हवा आणि त्यावर उद्याचा प्रोमो. ज्या नटाला प्रेक्षक डोक्यावर घेतात त्याच्या तोंडी ‘बंधकी’ शब्द द्यायला वाहिनी कचरते, कारण त्याच चेहऱ्यावर पुढचे शंभर भाग चालायचे असतात. मग वाईट वाक्य शकुनीकडे सरकते. शकुनी काय, तो आधीच बदनाम. भाग पाचशे असोत की शंभर, हीच युक्ती.

या साऱ्यात रंगभूमीच्या, म्हणजे राजपुत्रांनी शस्त्रकौशल्य दाखवलेल्या आखाड्यातल्या, प्रसंगाइतकी हळहळ दुसऱ्या कशाची वाटत नाही. लाह्या, फुले, सोन्याचे घट, सोन्याचे आसन अशा थाटात कर्णाला अंगदेशाचा अभिषेक होतो आणि तेवढ्यात म्हातारा अधिरथ आत येतो. उपरणे खांद्यावरून घसरलेले, घामाघूम, थरथरत, काठीच्या आधाराने. कर्ण त्याला पाहतो, हातातले धनुष्य टाकतो आणि अभिषेकाच्या पाण्याने ओले असलेले डोके त्याच्यापुढे वाकवतो. अधिरथ गडबडून उपरण्याच्या टोकाने आपले पाय झाकून घेतो, कारण राजाने आपल्या पाया पडावे हे त्याला सोसत नाही. मग ‘बाळा’ म्हणून त्याला कवटाळतो, आणि ते ओले डोके पुन्हा अश्रूंनी भिजते. भीम म्हणतो, चाबूक घे हाती, तुझ्या कुळाला तोच शोभतो. कर्ण काय उत्तर देतो? काहीच नाही. ओठ जरासा थरथरतो, एक निःश्वास टाकतो आणि वर सूर्याकडे पाहतो.

इथे मालिकेत जातिभेदावर तीन मिनिटांचे भाषण असते. भाषणातला विचार चांगलाच असतो, त्याबद्दल वाद नाही. पण ओल्या डोक्याचा तो नमस्कार आणि झाकलेले पाय यांत ते सगळे सांगून झालेले आहे. लागते काय? एक काठी, एक उपरणे, तांब्याभर पाणी आणि गप्प राहू शकणारा नट. पार्श्वसंगीत बंद ठेवले तर आणखी बरे.

कुंतीभेटीचेही तसेच. कर्ण गंगेकाठी पूर्वेकडे तोंड करून, हात वर करून जप करतो आहे आणि पाठ तापेपर्यंत तो थांबणार नाही. कुंती त्याच्यामागे, त्याच्याच उत्तरीयाच्या सावलीत उभी आहे, उन्हाने सुकलेल्या कमळमाळेसारखी. ज्या मुलाला तिने टाकले त्याच्याच वस्त्राची सावली तिला घ्यावी लागते. आणि वळल्यावर तो म्हणतो, मी राधेय, अधिरथाचा पुत्र, आपल्याला वंदन करतो. आई कोण हे त्याला तेव्हा कृष्णाकडून कळलेले आहे, तरी तो राधेचेच नाव सांगतो. पडद्यावर हा प्रसंग ‘माँ!’ या किंकाळीने सुरू होतो आणि मिठीत संपतो. सावली कुणी दाखवत नाही.

पुढच्या वेळी जे कोणी महाभारत करायला घेतील, त्यांना एकच विनंती. सभेचे दृश्य लिहिताना विकर्णाला पूर्ण बोलू द्या. मग कर्णाला उठवा, त्याचा युक्तिवाद त्याच्याच तोंडून, शांत आवाजात येऊ द्या आणि त्याला रडवू नका. द्रौपदी वर मागून पांडवांना सोडवते, त्यानंतर हाच कर्ण म्हणतो की बुडणाऱ्या पांडवांना पांचाली नाव होऊन पैलतीरी घेऊन गेली. ते वाक्य गाळू नका. त्यात टोमणा किती आणि आदर किती हे नटाने ठरवावे, दोन्हीला जागा आहे.

आणि त्या दृश्यात एक शॉट कर्णाच्या पायांचा घ्या. युद्ध संपल्यावर, कर्ण आपला थोरला भाऊ होता हे कळल्यावर, शांतिपर्वाच्या सुरुवातीलाच युधिष्ठिर नारदांना सांगतो की सभेत कर्ण ते कठोर शब्द बोलत होता तेव्हा मला संताप आला, पण त्याच्या पायांकडे नजर गेली आणि राग विरून गेला. ते पाय कुंतीच्या पायांसारखे दिसत होते. असे का, याचा मी पुष्कळ शोध घेतला आणि मला कारण सापडले नाही.

आपला,
एक कर्णप्रेमी वाचक