मदरबोर्डाच्या निवडीविषयी चिपळूणच्या मित्रास पत्र

डोंबिवली

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझे पत्र आणि सोबतचे दुकानदाराचे कोटेशन मिळाले. उत्तराला आठवडा लागला, कारण कोटेशनाच्या पहिल्या दोन ओळींपाशीच मी अडलो. प्रोसेसर, म्हणजे संगणकाचा मेंदू, इंटेलचा आय७-१२७०० आणि त्याच्याखाली दुकानातला सर्वांत स्वस्त एच६१० मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात ती मुख्य पाटी. ही जोडी तू घेऊ नयेस, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रोसेसर एक-दोन पायऱ्या खालचा घे आणि वाचलेले पैसे बोर्डात घाल, एवढेच मला सांगायचे आहे. पण ते पटावे म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

जुने यंत्र बदलायलाच हवे, याबद्दल दुमत नाही. २०२१ च्या जुलैतल्या पुरात छापखान्यातले सगळे वाहून गेल्यावर तू घाईघाईने घेतलेल्या त्या जुन्या संगणकाने लग्नपत्रिका, शाळांचे अहवाल आणि फ्लेक्सच्या फायली काढून देऊन आपले काम चोख केले. परंतु विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ साठी इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. तुझा आहे चौथ्या पिढीचा. त्या बोर्डाच्या सॉकेटमध्ये, म्हणजे प्रोसेसर बसवायच्या जागेत, नवा प्रोसेसर बसत नाही आणि तुझी जुन्या डीडीआर३ प्रकारची रॅम (कामापुरती स्मृती) नव्या बोर्डात बसत नाही, त्यामुळे बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम ही तिन्ही एकदमच बदलावी लागतील.

आता मुख्य मुद्दा. एसएमपीएसमधून, म्हणजे संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या डब्यातून, बोर्डाला १२ व्होल्टची वीज येते, पण प्रोसेसरला लागते ती सव्वा व्होल्टच्या आसपासची. हे रूपांतर करणारी यंत्रणा प्रोसेसरच्या सॉकेटला लागून असते आणि तिला व्हीआरएम म्हणतात. व्होल्ट कमी झाले की तेवढ्याच कामासाठी अँपिअर वाढतात, म्हणून १०० वॉट खाणाऱ्या प्रोसेसरला सव्वा व्होल्टने सुमारे ८० अँपिअर प्रवाह द्यावा लागतो. घरातल्या गीझरचा स्विच १६ अँपिअरचा असतो, हे लक्षात घेतलेस म्हणजे बोर्डाच्या त्या चार बोटांच्या जागेवर केवढा भार पडतो, याचा अंदाज येईल. आय७-१२७०० च्या खोक्यावर ६५ वॉट असे लिहिलेले असले, तरी पूर्ण जोरात चालताना त्याची मर्यादा १८० वॉटपर्यंत जाते. आय५-१२४०० ची ११७ वॉटपर्यंत. स्वस्त बोर्डावर या यंत्रणेचे टप्पे मोजके असतात आणि त्यांवर हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा धातूचा ठोकळाही बसवलेला नसतो. मग ती तापते, बोर्ड प्रोसेसरचा वेग आपणहून उतरवतो, आणि मोठी पीडीएफ काढताना तुझा महागडा आय७ एखाद्या आय५ सारखाच चालू लागतो, शिवाय बोर्ड रोज भाजत राहतो तो वेगळाच. चिपळूणच्या मे महिन्यात, पंख्याखालच्या बंद खोलीत, हे प्रकर्षाने जाणवेल.

हे मी अनुभवाने लिहितो आहे. काही वर्षांपूर्वी थोरल्या भावाच्या औषधांच्या दुकानासाठी मीच पैसे वाचवायला म्हणून एक बिननावाचा बोर्ड आणून बसवला होता. दुसऱ्या पावसाळ्यात यंत्र बिल करता करता बंद पडू लागले. आधी आम्ही रॅम काढून खोडरबराने घासली, मग एसएमपीएस बदलला. शेवटी बोर्ड उजेडात तिरपा धरून पाहिला, तेव्हा रॅमच्या खाचांजवळचे तीन कपॅसिटर, म्हणजे वीज स्थिर ठेवणारी छोटी नळकांडी, डोक्यावर फुगलेले दिसले. एकाच्या माथ्यावरची फुलीची खाच उकलून तपकिरी खपली बाहेर आली होती. असल्या द्रवाच्या कपॅसिटरचे आयुष्य उष्णतेवर अवलंबून असते आणि तापमान १० अंशांनी वाढले की ते ढोबळमानाने निम्मे होते. ज्याने बोर्ड विकला त्याच्याकडे ना पक्के बिल होते, ना बदलून द्यायची सोय. भावाचा चार दिवसांचा धंदा हातानेच बिले लिहून झाला, आणि त्याने मला एका शब्दानेही बोल लावला नाही, याचेच मला अधिक वाईट वाटले.

म्हणून बोर्ड हातात आला की आधी सॉकेटच्या शेजारी पाहा. घन कपॅसिटर, म्हणजे आत द्रव नसलेले, हे बुटके, चकचकीत, प्लास्टिकचे वेष्टण नसलेले असतात आणि त्यांच्या माथ्यावर फुलीची खाच नसते. ते बोर्डभर असावेत, निदान सॉकेट आणि रॅम यांच्याभोवती तरी असावेतच. व्हीआरएमवर स्क्रूने घट्ट बसवलेला हीटसिंक असावा. रंगीत दिवे, चिलखतासारखी दिसणारी झाकणे, वायफाय यांपैकी कशाचीही तुला गरज नाही. छापखान्यात केबल आहेच.

तुझ्यासाठी मी आय५-१२४०० आणि हीटसिंक असलेला, एच६१० पेक्षा वरच्या दर्जाचा बी७६० किंवा बी६६० बोर्ड सुचवतो. एच६१० सरसकट वाईट असतो असे नव्हे. आय३-१२१०० असता तर चांगल्या कंपनीचा एच६१० मी निःशंकपणे घ्यायला सांगितला असता. पण त्यात रॅमच्या खाचा दोनच मिळतात आणि एसएसडीची (फायली साठवणाऱ्या वेगवान डिस्कची) एम.२ खाचही जुन्या, कमी वेगाची असते. तुझ्या फ्लेक्सच्या फायली पाहता पुढे रॅम वाढवायची वेळ येणार, तेव्हा चार खाचांचा बोर्ड बरा. प्रोसेसर घेताना नावाच्या शेवटी ‘एफ’ नाही ना, हे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा. ‘एफ’वाल्यात ग्राफिक्स नसते, तो थोडा स्वस्त मिळतो आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल तर पडद्यावर काहीच दिसत नाही.

इंटेलची स्पर्धक कंपनी एएमडी हिचाही विचार मी केला. एएम४ सॉकेटचा बी५५० बोर्ड आणि रायझन ५ ५६००जी ही जोडीही तुझ्या कामाला पुरेशी आहे. त्यानंतरचा एएम५ सॉकेट मात्र फक्त डीडीआर५ रॅम घेतो, आणि रॅमचे भाव सध्या इतके चढले आहेत की ती वाट नको. शिवाय माझ्याकडे डीडीआर४ च्या आठ-आठ जीबीच्या दोन स्टिक वापरावाचून पडून आहेत. त्या मी तुला देणार आहे आणि त्याचे पैसे घेणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. त्यामुळे बोर्ड डीडीआर४ चाच हवा. बी७६० दोन्ही प्रकारांत मिळतो. नावात ‘डी४’ किंवा ‘डीडीआर४’ असे लिहिलेले आहे का, ते खोक्यावर वाचूनच पैसे दे.

कंपनी नावाजलेली हवी, ती केवळ नावासाठी नव्हे. २०२४ मध्ये इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतल्या काही प्रोसेसरांना जादा व्होल्टेजमुळे इजा होत असल्याचे उघड झाले, तेव्हा त्यावरचा उपाय बायोसच्या, म्हणजे बोर्डातल्या मूळ प्रोग्रामच्या, नव्या आवृत्तीतूनच लोकांपर्यंत पोहोचला. तुझा १२ व्या पिढीचा प्रोसेसर त्यात येत नाही, पण उद्या त्याच सॉकेटवर १४ व्या पिढीचा घालायचा झाला, तर मागे बायोस पुरवणारी कंपनी उभी असली पाहिजे. वॉरंटी सहसा तीन वर्षांची असते; पक्क्या बिलावर बोर्डाचा सीरियल नंबर लिहून घे. सॉकेटवरचे काळे प्लास्टिकचे झाकण फेकू नकोस. या सॉकेटच्या पिना बोर्डावर असतात, केसासारख्या बारीक, आणि बोर्ड वॉरंटीत पाठवताना झाकण नसले किंवा एक पिन वाकलेली निघाली तरी तो परत येतो.

तुझा जुना एसएमपीएस मला काळजीत टाकतो. प्रोसेसरच्या विजेसाठी त्याला चार पिनांचेच टोक असेल, तर तो बदलावाच लागेल, कारण नव्या बोर्डांवर सहसा आठ पिनांची जागा असते. वीज सारखी ये-जा करत असताना हलका एसएमपीएस चांगल्या बोर्डालाही घेऊन बुडतो. अर्थिंगही एकदा वायरमनकडून तपासून घे. पुरानंतर ते पुन्हा केले होते की नाही, हे तुझ्या पत्रातून कळले नाही.

येत्या शनिवारी मी लॅमिंग्टन रोडला जाणार आहे, दोन-तीन दुकानांत भाव काढतो. त्याआधी तुझ्या मॉनिटरच्या मागच्या बाजूचा आणि एसएमपीएसवरच्या लेबलाचा फोटो पाठव. मॉनिटरला केवळ जुने व्हीजीएचे टोक असेल, तर तसा पोर्ट असलेला बोर्डच शोधावा लागेल. कोटेशनवाल्याला अजून आगाऊ रक्कम देऊ नकोस.

आईंना माझा साष्टांग नमस्कार सांग, वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश