यशोगाथांमधली गाळलेली वर्षे

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीतील उद्योजकांच्या यशोगाथा मी नेमाने वाचतो. त्यांचा साचा आता पाठ झाला आहे: पहिल्या परिच्छेदात आजारपण, गेलेली नोकरी किंवा दिवाळे, दुसऱ्यात जिद्द आणि तिसऱ्यात थेट उलाढालीचा आकडा. मधली वर्षे गाळलेली असतात आणि माझी तक्रार नेमकी त्यांच्याबद्दल आहे, कारण धंदा उभा राहतो तो त्याच वर्षांत.

टाइप करताना झालेल्या चुका झाकणाऱ्या ‘लिक्विड पेपर’चे उदाहरण घ्या. बेट नेस्मिथ ग्रॅहम या अमेरिकेतील टेक्सासमध्ये एका बँकेत सेक्रेटरी होत्या. घटस्फोटानंतर मुलाला एकट्याच वाढवत होत्या. नव्या विजेच्या टाइपरायटरची कार्बन रिबीन अशी होती, की चूक खोडायला जावे तर कागदावर काळा डाग पसरे. बँकेच्या खिडक्यांवर चित्रे रंगवणारे कलाकार चुकलेली रेघ खोडत बसत नाहीत, तिच्यावर सरळ रंग फिरवतात, हे त्यांनी पाहिले आणि नेलपॉलिशच्या बाटलीत पांढरा रंग भरून त्या कामावर नेऊ लागल्या. ही गोष्ट १९५०च्या दशकातली; जिलेटने त्यांची कंपनी ४ कोटी ७५ लाख डॉलरना घेतली ती १९७९ मध्ये. या दोन टोकांमध्ये वीसहून अधिक वर्षे गेली; त्यांतली सुरुवातीची वर्षे म्हणजे दिवसा नोकरी, रात्री स्वयंपाकघरात मिश्रणाचे प्रयोग, आणि बाटल्या भरायला मुलगा व त्याचे मित्र. पुढे एका पत्रावर चुकून स्वतःच्याच कंपनीचे नाव टाइप झाले आणि त्यांना कामावरून काढण्यात आले, असे सांगतात. म्हणजे नोकरी गेली म्हणून धंदा सुरू झाला नाही. धंदा चालू होता म्हणून नोकरी गेली. यशोगाथा लिहिताना हा क्रम सर्रास उलटा केला जातो.

जेम्स डायसन यांच्याबाबत ५,१२७ हा आकडा सगळेच सांगतात. पिशवीविना चालणाऱ्या व्हॅक्यूम क्लीनरचे तितके नमुने त्यांनी बनवले. मला त्याआधीचा प्रसंग अधिक मोलाचा वाटतो. चाकाऐवजी चेंडू लावलेल्या हातगाडीचे पेटंट त्यांनी स्वतःकडे न ठेवता कंपनीच्या नावे केले होते. भागीदारांनी त्यांना बाहेर काढले तेव्हा स्वतःच्याच शोधावर त्यांचा हक्क उरला नाही. पुढच्या शोधाचे हक्क त्यांनी स्वतःकडे राखले. अपयशातून शिकणे म्हणतात ते बहुधा असे असते: कागदावरची एक ओळ पुढच्या वेळी बदलणे. आणि ते नमुने बनत होते त्या काळात घर गहाण होते व पत्नी चित्रकला शिकवून संसाराला हातभार लावत होती, हे एका ओळीत उरकण्यासारखे नाही.

संधिवातामुळे पत्नीला सोलाणे धरता येईना, हे पाहून जाड, मऊ मुठीची ‘ऑक्सो’ची उपकरणे १९९० मध्ये बाजारात आणणारे सॅम फार्बर यांची हकीकतही अशीच अर्धी सांगितली जाते. सांधेदुखी घरोघरी असते. फार्बर यांनी मात्र त्याआधीची कित्येक वर्षे स्वयंपाकघरातल्या वस्तूंच्याच व्यवसायात काढली होती. कोणत्या डिझायनरकडे जायचे आणि माल कोण विकेल, हे त्यांना पक्के ठाऊक होते. अडचणीने प्रश्न दाखवला. उत्तर अनुभवाच्या आणि ओळखीच्या भांडवलावर मिळाले.

मी स्वतः एक छोटा व्यवसाय नऊ वर्षे चालवून बंद केला. जिद्द कमी पडली असे मला आजही वाटत नाही. दोन मोठ्या ग्राहकांची बिले थकली आणि यंत्राच्या कर्जाचे हप्ते मात्र दर महिन्याला ठरल्या तारखेला येत राहिले. माझ्यासारख्यांच्या मुलाखती कोणी घेत नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. पण संकट सोसले की यश मिळतेच असा समज ज्या वाचकांचा होतो, त्यांतला एखादा त्या भरवशावर राहते घर गहाण टाकतो.

म्हणून एक विनंती आहे. पुढची यशोगाथा छापताना पहिले भांडवल कोणाकडून आले, तारण काय दिले होते, घर कोणाच्या पगारावर चालले आणि कितव्या वर्षी हिशेबात नफा दिसला, एवढे चार प्रश्न उद्योजकाला जरूर विचारावेत आणि त्यांची उत्तरे छापावीत. जागा कमी पडली तर जिद्दीचा परिच्छेद गाळला तरी चालेल.

आपला,
एक नियमित वाचक