चक्रीवादळाआधी छपराकडे बघा

महोदय,

चक्रीवादळाचा इशारा आला की ‘ते समुद्रातच का फोडत नाहीत?’ असा प्रश्न हमखास निघतो. अमेरिकेने १९६२ ते १९८३ या काळात विमानांतून सिल्व्हर आयोडाइड फवारून तो प्रयत्न केला आणि सोडून दिला. अशा फवारणीला, म्हणजे ढगांच्या बीजनाला, लागणारे अतिशीत (शून्य अंशाखालीही न गोठलेले) पाणी चक्रीवादळाच्या ढगांत फारच कमी असते.

तेव्हा लक्ष छपराकडेच हवे. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ने रायगडात किती घरांचे पत्रे उडवले, ते आपण पाहिले. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, आणि तो पत्र्याला वर ओढतो. सर्वांत जास्त वळचणीला, कोपऱ्यांत आणि आढ्याशी. निदान तिथे तरी जे-हुक (पत्रा खालच्या आधाराला धरून ठेवणारे वाकडे हुक) जवळजवळ घ्या, तेही पन्हळीच्या उंचवट्यावर. गंजलेले हुक आणि कडक झालेले वॉशर आत्ताच बदला. पण नुसते हुक पुरत नाहीत. वासे भिंतीला लोखंडी पट्टीने जखडलेले नसतील, तर वाशांसकट छप्पर जाते. गावोगाव हेच काम राहून जाते, याची फार खंत वाटते.

इशारा मिळताच माडाच्या सुक्या झावळ्या उतरवा. गच्चीवरची प्लास्टिकची टाकी भरून ठेवा, रिकामी असली तर उडते. वाऱ्याकडची दारे-खिडक्या घट्ट लावा, कारण आत शिरलेला वारा छप्पर खालून उचलतो. आणि मध्येच सारे शांत झाले, तरी पत्रे सावरायला वर चढू नका. वादळाचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग, सरकला की वारा उलट्या दिशेने पुन्हा जोरात येतो.

– एक बांधकाम अभियंता, अलिबाग