फोग्ट्स यांची दोन ओळींत बोळवण नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जर्मन फुटबॉल प्रशिक्षकांवरच्या आपल्या क्रीडा पानावरील लेखात १९९० ते १९९८ जर्मनीच्या संघाचे प्रशिक्षक राहिलेले बेर्टी फोग्ट्स यांना दोन ओळींत उरकले आहे. आधीचे प्रशिक्षक बेकेनबाउअर यांनी घडवलेला १९९० चा जगज्जेता संघ आयता मिळाला, तरी आठ वर्षांत एकच चषक, असा त्याचा सूर. आकडा बरोबर आहे, निवाडा घाईचा. नागपुरात उन्हाळी शिबिरे चालवणाऱ्यांना या माणसाकडून घेण्यासारखे बरेच आहे, म्हणून हे पत्र.

लहानपणीच आई-वडील गेले, मावशीने वाढवले, अवजारे घडवण्याचे काम शिकला. उंची १६८ सेंटीमीटर. बोरुसिया माँशनग्लाडबाख या क्लबकडून १९६५ ते १९७९ सलग खेळून बुंडेसलिगा या जर्मन लीगचे ४१९ सामने, पाच लीग विजेतेपदे, युरोपातल्या क्लबांचे दोन यूईएफए चषक आणि देशासाठी ९६ सामने. उंचीही नाही, डोळ्यांत भरणारे पायाचे कसबही नाही, अशा राइट बॅकचे (उजव्या बाजूच्या बचावपटूचे) हे आकडे आहेत.

आता १९७४ च्या विश्वचषकाचा म्युनिचमधला अंतिम सामना, पश्चिम जर्मनी विरुद्ध नेदरलँड्स. सुरुवातीपासून चेंडू नेदरलँड्सकडेच होता. डच संघाचा क्रायफ मागे आला, चेंडू घेतला, तोंड गोलकडे करून धावत सुटला. फोग्ट्स मागे पडले, जर्मनीच्या होनेसने पेनल्टी क्षेत्राच्या कडेला क्रायफला पाडले आणि डच नीस्केन्सने पेनल्टीवर गोल केला. जर्मनीकडून चेंडूला पहिला स्पर्श झाला तो गोलकीपर मायरचा, जाळ्यातून काढताना! त्यात काही मिनिटांतच फोग्ट्स यांना पिवळे कार्ड. म्हणजे उरलेला जवळजवळ सगळा सामना जगातल्या सर्वोत्तम खेळाडूला धरायचे, पण एकही अडदांड टॅकल (पाय घालून चेंडू हिसकावणे) करायचा नाही.

ते कसे जमले, हे त्या सामन्याच्या चित्रफितीत स्वच्छ दिसते. पहिल्या मिनिटातली चूक अंतराची होती. क्रायफला चेंडू घेऊन वळायला आणि वेग धरायला जागा मिळाली. पुढे फोग्ट्स यांनी ती जागाच ठेवली नाही. चेंडू येण्याआधीच ते त्याला चिकटलेले असत, त्यामुळे क्रायफला गोलकडे पाठ करूनच चेंडू घ्यावा लागे. मग तो आणखी मागे यायचा आणि डच संघ आपला सर्वात धारदार खेळाडू स्वतःच गोलपासून लांब नेऊन ठेवायचा. मध्यंतराला निघताना पंचांशी हुज्जत घालून क्रायफनेही कार्ड ओढवून घेतले. सामना २-१ जर्मनीचा. यात मागे लिबेरो म्हणून, म्हणजे कोणा एकाला न धरता सगळ्यांच्या मागे सावरायला, उभ्या असलेल्या बेकेनबाउअर यांचा वाटा मोठा आहेच. चिकटून खेळणारा कधीतरी चकतोच, तेव्हा पाठीमागे कोणीतरी लागतो. तयारीही तशीच होती: सरावात संघातल्याच नेट्झरला क्रायफ करून फोग्ट्स यांच्यासमोर उभे केले होते.

आपल्याकडे मोहननगर असो की कामठी, शिबिरातला पोट्टा पहिल्या दिवसापासून ड्रिबल आणि शूट शिकतो. बचावाला उंच, दांडगा मुलगा उभा करून ‘बॉल बाहेर मार’ म्हटले की काम झाले. खरे तर बचाव पंधरा बाय दहा मीटरच्या चौकोनात शिकवता येतो. चौकोनाच्या एका टोकाला दोन शंकू ठेवून दोन मीटर रुंद गोलपोस्ट करायचा, दुसऱ्या टोकाला पास देणारा उभा करायचा. आघाडीचा मुलगा गोलकडे पाठ करून मध्ये, बचावाचा त्याच्या मागे एका हाताच्या अंतरावर. आठ-दहा सेकंदांचा डाव. आघाडीच्या मुलाने वळून तोंड गोलकडे केले की त्याला गुण, गोल झाला तर दोन. पहिला आठवडा टॅकल पूर्ण बंद. मुलगा पायांवर आणि अंतरावर भरवसा ठेवायला शिकतो तो इथेच. एका मुलाचे सलग सहा डाव पुरेत, मग अदलाबदल. दमलेला मुलगा पाय टाकतो आणि तीच सवय लागते. दुसऱ्या आठवड्यात मागे तिरका, चार-पाच मीटरवर, एक लिबेरो उभा करा आणि बोलणे सक्तीचे करा.

चुका ठरलेल्या आहेत. मुले समोरच्याच्या पायांकडे बघतात आणि हुलकावणीला फसतात, नजर चेंडूवर हवी. दोन्ही पाय एका रेषेत ठेवून उभी राहतात, मग वळायला एक पाऊल जास्त लागते. एक पाय पुढे, अंग तिरके, वजन चवड्यांवर, आणि समोरच्याला त्याच्या कमजोर पायाकडे किंवा साइडलाइनकडे ढकलायचे. आपल्या मुरमाड मैदानांवर एक अडचण जास्त आहे. टप्पा उंच उडतो आणि चेंडूखाली धावत गेलेल्या बचावपटूच्या डोक्यावरून जातो. म्हणून लांब चेंडूला एक पाऊल मागूनच सुरुवात करावी. शिवाय चेंडू दगडासारखा टणक भरू नये. नियमानुसार दाब ८.५ ते १५.६ पीएसआय चालतो, कडक मैदानावर ९ च्या आसपास ठेवला की टप्पा आवरतो. स्लाइडिंग टॅकल मुरमावर शिकवूच नये, गुडघे सोलतात आणि मूल बचावच सोडून देते.

प्रशिक्षक फोग्ट्स यांच्याकडेही याच नजरेने बघा. १९९२ च्या युरोच्या (युरोपातल्या देशांच्या स्पर्धेच्या) अंतिम सामन्यात डेन्मार्ककडून हार. १९९४ च्या विश्वचषकात बल्गेरियाविरुद्ध १-० आघाडीवर असताना तीन मिनिटांत दोन गोल खाल्ले. दुसरा बल्गेरियाच्या लेचकोव्हच्या हेडरचा, आणि त्याच्यापाशी होता संघातला सर्वात ठेंगणा हेसलर. त्या घडीला कोण कोणाला धरणार याचा हिशेब चुकला, आणि तो प्रशिक्षकाच्या खात्यावर जातो.

पण १९९६ चा युरो? बचावपटू कोहलर पहिल्याच सामन्यात जायबंदी. आघाडीचा क्लिन्समन उपांत्य सामन्याला मुकलेला. अंतिम सामन्यासाठी मोलर आणि रॉयटर कार्डांमुळे बाद. माणसे इतकी कमी पडली की यूईएफएने (युरोपच्या फुटबॉल संघटनेने) एक जादा खेळाडू, टॉट, बोलवायला परवानगी दिली. अशा संघाने इंग्लंडला वेम्बलीवर पेनल्टींवर हरवले आणि झेकविरुद्ध ०-१ वरून चषक नेला. ६९व्या मिनिटाला उतरवलेल्या बिअरहॉफने दोन्ही गोल केले. दुसरा, म्हणजे जादा वेळेत होताच सामना तिथेच संपवणारा ‘गोल्डन गोल’, पुन्हा बघा: बिअरहॉफची गोलकडे पाठ, झेक बचावपटूने त्याला वळू दिले, फटका अंगाला लागून गेला आणि गोलकीपर कोऊबाच्या हातून निसटला. २२ वर्षांपूर्वी पहिल्या मिनिटाला फोग्ट्स यांच्याकडून झालेली चूक इथे झेककडून झाली. ‘आयता संघ’ म्हणणाऱ्यांनी हेही सांगावे की त्या स्पर्धेचा कणा असलेला झामर पूर्व जर्मनीत घडलेला होता आणि १९९० च्या संघात नव्हता.

१९९८ चा बचाव मात्र करता येत नाही. ३७ वर्षांचा मातेउस, ३३ चा क्लिन्समन, ३२ चा कोहलर घेऊन ते फ्रान्सला गेले आणि वोर्न्सला लाल कार्ड मिळाल्यावर क्रोएशियाने ३-० असे धुतले. तरुण खेळाडू पुढे आणण्याचे काम राहूनच गेले, त्याचे फळ २००० च्या युरोमध्ये गटात तळाला येऊन दिसले. पुढे स्कॉटलंडचे प्रशिक्षक म्हणून त्यांचा काळही फिकाच. तरीही जर्मनीसोबत १०२ सामन्यांत ६६ विजय, फक्त १२ पराभव, हे दोन ओळींत मावणारे काम नव्हे.

शेवटी आपल्या क्रीडा विभागाला एक विनंती. स्थानिक लीगच्या बातमीत गोल कोणी, कितव्या मिनिटाला केला हे छापता. त्याच्या शेजारी त्या वेळी त्या खेळाडूला कोण धरून होते आणि तो कसा सुटला, एवढी एक ओळ वाढवा. आणि ज्या सामन्यात गोलच झाला नाही, तिथे दोन्ही संघांच्या बचावपटूंची नावे द्या.

आपला,
एक फुटबॉल प्रशिक्षक, नागपूर