कपाटं तोडू नका म्हणणाऱ्या सुतारकाकांना

काका, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "अहो ताई, त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदलता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. ज्यांच्या स्वयंपाकघरात आमच्यासारखीच स्वस्तातली, साधी, पांढऱ्या सनमायकाची कपाटं आहेत, त्यांच्याही ते उपयोगी पडावं.

तुम्हाला बोलावलं होतं ते सगळी कपाटं काढून नवी करायला किती खर्च येईल हे विचारण्यासाठी. काम तुम्हालाच मिळणार होतं. पण तुम्ही मोजपट्टी खिशातून काढलीच नाही. एकेक कपाट उघडून आत डोकं घातलंत, तळाची फळी अंगठ्यानं दाबून पाहिलीत, बाजूच्या फळ्या बोटांनी ठोकल्यात आणि म्हणालात, "सांगाडा ठणठणीत आहे. खराब दिसतात ती शटरं, म्हणजे दारं. तोडू नका, रंगवा." हातात आलेलं मोठं काम तुम्ही आपणहून सोडलंत. याचं मोल मी कधीच विसरणार नाही.

खरोखर खराब होती ती फक्त सिंकखालची तळफळी. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा चिकटवून दाबलेला; त्यात पाणी मुरलं की तो फुगतो आणि वाळला तरी पूर्ववत होत नाही, हे तुम्ही फुगलेल्या कडेवर बोट ठेवून दाखवलंत. तेवढी एकच फळी बदललीत. नव्या फळीच्या चारही कडांना पट्टी लावून घेतलीत, कारण पाणी शिरतं ते कापलेल्या उघड्या कडेतून. सांध्यात सिलिकॉन भरलंत. यापलीकडे एकही फळी नवी आणावी लागली नाही.

लोंबणाऱ्या शटरांचं तर मला फार अप्रूप वाटतं. वर्षानुवर्षं ती एकमेकांना घासत होती आणि आम्ही ती वाकली आहेत असं धरून चाललो होतो. तुम्ही स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिलात आणि बिजागरीचे स्क्रू ओळखायला शिकवलेत: एकानं शटर डावी-उजवीकडे सरकतं, दुसऱ्यानं आत-बाहेर, आणि बिजागरी कपाटाला ज्या पट्टीवर बसते तिचे स्क्रू सैल केले की वर-खाली. अर्धा फेरा फिरवायचा, शटर लावून फट बघायची, मग पुढचा अर्धा. जिथं स्क्रूचं भोक मोठं होऊन गेलं होतं, तिथं लाकडाची काडी डिंकात बुडवून ठोकलीत, वाळल्यावर कापलीत आणि नवं बारीक भोक पाडलंत. रंगाचा एक थेंब लागायच्या आधीच निम्मं स्वयंपाकघर सुधारलं होतं.

रंगाचं म्हणाल, तर खरे कष्ट साफसफाईचे आहेत, आणि तुम्ही तेच पुन्हा पुन्हा बजावलंत. शेगडीजवळच्या शटरांवर तेलाचा जो चिवट थर बसतो, तो आधी निघाला पाहिजे. नाहीतर पॉलिश पेपर तोच चिकटपणा सगळीकडे पसरवतो आणि वर कितीही चांगला रंग दिला तरी तो सुटतो. भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यानं धुणं, स्वच्छ पाण्यानं पुसणं, पूर्ण वाळू देणं. मग तोंडाला मास्क लावून 220 नंबरचा पॉलिश पेपर, तोही हलक्या हातानं. सनमायका कापायचा नाही, फक्त त्याची चमक घालवायची. त्यावर गुळगुळीत पृष्ठभागाला धरून बसणारा प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा हात. प्रायमर वाळला की कोपऱ्यात नखानं ओरखडून बघायची तुमची खूण अगदी नेमकी आहे. निघाला तर पुढं जायचंच नाही.

प्रत्येक शटरचा नंबर बिजागरीच्या खड्ड्यात पेन्सिलीनं लिहून त्यावर टेप चिकटवायची युक्तीही तुमचीच. रंगकाम संपल्यावर टेप काढली, नंबर पाहिला, की शटर आपल्या जागी. त्याचं समाधान मी शब्दांत सांगू शकत नाही.

बाकी सगळं सोपं होतं. शटरं आडवी ठेवली, म्हणून ओघळ आले नाहीत. फोमच्या रोलरनं पातळ हात दिले, जाड एकही नाही. हँडल बदलताना दोन भोकांमधलं अंतर आधी मोजायला लावलंत. आमचं 96 मिलिमीटर निघालं आणि त्याच मापाची नवी हँडलं आणल्यामुळे जुनी भोकं बुजवावी लागली नाहीत. चिकटवायच्या विनाइल कागदाबद्दल विचारलं तेव्हा "शेगडीपासून लांब लावा, उष्णतेनं कडा उचलतात" एवढंच म्हणालात. मला रंगच बरा वाटला.

आणि तुमचा शेवटचा सल्ला सर्वांत कठीण होता: रंग हाताला कोरडा लागला म्हणजे तो पक्का झाला असं नाही, काही आठवडे जाऊ द्या. आम्ही तो पाळला. शटरांच्या आतल्या कोपऱ्यांत रबराच्या बारीक टिकल्या लावल्या, ओलं फडकं जोरात घासलं नाही. आता धारेवरसुद्धा टवका उडालेला नाही. घरी येणारे नवं किचन कधी केलंत म्हणून विचारतात, तेव्हा मी त्यांना तुमचं म्हणणं ऐकवते: आधी सांगाडा तपासा.

काका, माळ्याची शटरं अजून जुनीच आहेत. ती लांबलचक आहेत, एकटीनं उतरवण्यासारखी नाहीत. तुम्हाला सवड होईल तेव्हा या. घासणं, धुणं, रंगवणं मी करीन. काढायला आणि लावायला मात्र तुमचे हात हवेत. मागच्या वेळी पाहणीचे पैसे घेतले नाहीत. या वेळी पूर्ण मजुरी घ्यायची, हे आधीच सांगून ठेवते.

तुमची,
ताई