कातरणाची पोच

तीर्थस्वरूप टेलरमामा,
शिरसाष्टांग नमस्कार.

पाडव्यापासून तुमचं दुकान बंद आहे, हे मला शनिवारी कळलं. बाजार करून येताना मी नेहमीसारखी शहापूरच्या खडेबाजारातून तुमच्या बाजूला वळले, तर फळ्या लावलेल्या. शेजारच्या बांगड्यांच्या दुकानातल्या बाईंनी हाक मारली. म्हणाल्या, "मामांला आता सुईत दोरा घालायला दिसंना झालंय, बंद केलं बघा दुकान. पण तुमच्यासाठी गठुळं ठेवून गेल्यात." ते गठुळं काखेत मारून वडगावपर्यंत चालत आले. रिक्षा करायचं सुचलंच नाही.

हे पत्र मुद्दाम उघडं लिहिते आहे. तुमच्यासमोर आभाराचा शब्द काढला की "असू दे, असू दे" म्हणत तुम्ही मशीन सुरू करता आणि माझं बोलणं त्या आवाजात बुडून जातं. तुम्ही मराठी फर्डं बोलता, पण वाचायचं झालं तर सूनबाईंना हाक मारावी लागते. म्हणजे हे पत्र घरात मोठ्यानं वाचलं जाईल. तेच मला हवं आहे.

तुमच्याकडं पहिल्यांदा आले ती २०१७ च्या जूनमध्ये, मुलीचा शाळेचा युनिफॉर्म शिवायला. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मशीनखाली निळ्या, खाकी आणि चौकड्याच्या तुकड्यांचा ढीग पडला होता. मी विचारलं, "मामा, या चिंध्या टाकताय होय?" तुम्ही चष्म्यावरून बघितलंत आणि म्हणालात, "चिंधी म्हणू नको यव्वा. कापडच हाय ते. ल्हान हाय, एवढंच." आणि एक पिशवीभर कातरण माझ्या हातात दिलंत. पैसे विचारले तर युनिफॉर्मचेच घेतलेत.

माझं माहेर चंदगडकडचं. आजी वाकळ शिवायची तेव्हा तिच्या मांडीजवळ बसून मी सुईत दोरा ओवून द्यायची. मला येत होतं ते तेवढंच आणि साधा धावदोरा. त्या भांडवलावर, तुम्हाला काही न विचारता, मी पहिली वाकळ शिवली. तीन महिन्यांच्या दुपारी तिच्यात गेल्या. पहिल्याच धुण्यात सुती तुकडे आटले, टेरिकॉटचे होते तेवढेच राहिले आणि दोन्हींच्या मध्ये चुण्या पडल्या. एका लाल खणाच्या तुकड्यानं रंग सोडला तो वेगळाच. पांढऱ्यावर सगळे गुलाबी ओघळ. मला रडू आलं होतं मामा. ती वाकळ पिशवीत कोंबून तुमच्याकडं आणली तेव्हा तुम्ही हसाल असं वाटलं होतं.

तुम्ही हसला नाहीत. समोरच्या गिऱ्हाइकाला बसायला सांगितलंत आणि वाकळ उलटी करून उजेडात धरलीत. मग एका तुकड्याचा दोरा उसवून चिमट्यात धरलात आणि काडी ओढलीत. दोरा भुरकन जळला, कागद जळल्यासारखा वास आला, राख बोटांवर पिठासारखी मऊ. दुसरा दोरा धरलात, तो जळायच्या आधी वितळला, काळा धूर निघाला आणि टोकाला कडक मणी झाला. "ह्यो सुती. ह्यो न्हवं. दोघांची सोयरीक जमत न्हाई." तिसरा खणाचा रेशमी दोरा. त्याला केस जळल्याचा वास. तीन काड्यांत तुम्ही मला जे दाखवलंत ते मी आजही कुणाला सांगायचं झालं तर तसंच, काडी ओढूनच सांगते.

मग पुढचं. नवं सुती कापड शिवायच्या आधी धुऊन, वाळवून घ्यायचं, म्हणजे काय आटायचं ते आधीच आटतं. लाल आणि गडद निळे तुकडे वेगळे भिजवायचे, पाणी नितळ निघेपर्यंत. प्रत्येक तुकडा हातात घेऊन उभा, आडवा आणि तिरपा ओढून बघायचा. उभा ताणत नाही, आडवा थोडा ताणतो, उरेब सगळ्यात जास्त. "उरेब तुकडा वाकळीच्या पोटात घालायचा न्हाई, ओढतंय त्ये. कडंच्या पट्टीला ठेव, गोलाईवर बरोबर बसतंय." दोऱ्यावरून मेणबत्ती फिरवली की गाठी पडत नाहीत, हेही तुमचंच. माझं बोट सुईनं चाळण झालेलं बघून तुमचं जुनं पितळी अंगुस्तान तुम्ही काढून दिलंत. त्याच्या खळग्या झिजून गुळगुळीत झाल्यात. दुकानात नवं मिळतं, पण मला तेच लागतं.

कोपऱ्यांचं तुम्ही सांगितलेलं मला फार आवडलं होतं. वाकळ आधी फाटते ती कोपऱ्यात, कारण झटकताना आपण तिथंच धरतो. खानापूरच्या जंगलपट्टीतल्या सिद्दी समाजाच्या बायका त्यांच्या कवंदीला, म्हणजे तुकड्यांच्या गोधडीला, चारी कोपऱ्यांवर घडी घातलेले त्रिकोणी तुकडे लावतात, त्याला फुलं म्हणतात, आणि फुलांशिवाय कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत. टाके कडेपासून सुरू करून फिरत फिरत मध्याकडं येतात. तुमची कौदी, आमची वाकळ, त्यांची कवंदी. माझ्या दुसऱ्या वाकळीला मी चारी कोपऱ्यांवर फुलं लावली. तुमच्याच युनिफॉर्मच्या निळ्या कापडाची. ती वाकळ अजून रोजच्या वापरात आहे आणि कोपरे शाबूत आहेत.

आणि मग २०१९ चा ऑगस्ट आला. बळ्ळारी नाला फुगला की आमच्या भागात पाण्याची धास्ती असतेच, पण त्या वर्षी पाणी उंबरा ओलांडून आत आलं. गाद्या आणि धान्य माळ्यावर चढवलं. कॉटखालचं कातरणाचं पोतं कुणाच्याच ध्यानात राहिलं नाही. चौथ्या दिवशी उघडलं तर आंबूस वास आणि काळे ठिपके. सासूबाई म्हणाल्या, टाकून दे. मी टाकायलाच निघाले होते, वाटेत तुमचं दुकान लागलं.

त्यानंतरच्या तीन संध्याकाळी मी कधीच विसरणार नाही. दुकान बंद करायच्या वेळेला मी धुऊन अर्धवट वाळवलेले तुकडे घेऊन यायची आणि तुम्ही दिवसभर मशीनवर वाकलेल्या त्याच पाठीनं पुन्हा वाकून त्यांना इस्त्री करायचात. तळहाताएवढ्या तुकड्यांना! ज्यांचे ठिपके निघाले नाहीत ते बाजूला काढलेत. बाकीचे जातवार लावून, सुतळीनं बांधून, प्रत्येक गठ्ठ्यावर कागदाची चिठ्ठी खोचलीत. चिठ्ठ्या कानडीत. मला कानडी बोललेलं समजतं, वाचताना अडखळते. मुलगी शाळेत कानडी शिकत होती, तिनं एकेक अक्षर जुळवत वाचलं. "रेश्मे." बरोबर, रेशीम. "उण्णे." लोकर. मग तिसरी चिठ्ठी हातात घेऊन ती थांबली आणि म्हणाली, "आई, मामांनी यावर हत्ती लिहिलंय."

कापसाला कानडीत हत्ती म्हणतात हे मला माहीत होतं, तिला नव्हतं. तिनं लगेच स्केचपेन आणून त्या चिठ्ठीवर हत्ती काढला. तेव्हापासून आमच्या घरात सुती कापडाचा डबा म्हणजे हत्तीचा डबा. बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा आहे, त्यावर ती चिठ्ठी चिकटवली आहे. पाहुणे विचारतात, त्यांना सांगायला मला फार आवडतं.

त्या डब्यानंच घर आवरायला लावलं, हे तुम्हाला मी कधी बोलले नाही. पावसाळ्यात आमच्याकडं भिंतींना घाम फुटतो, कपाटातल्या लुगड्यांना वास लागतो. डब्यांसाठी आधी जमिनीपासून हातभर वर एक फळी ठोकली. मग वाटलं, कापडाला जी जागा दिली ती पुस्तकांना का नको? पेटी विटांवर चढवली. लुगड्यांच्या घड्यांत सुकवलेला कडुलिंबाचा पाला ठेवला. भिंत आणि कपाट यांच्यात चार बोटं अंतर सोडलं, वारा खेळायला. बटणांची बरणी, दोऱ्यांची बरणी, सुया सासूबाईंच्या जुन्या कुंकवाच्या करंड्यात. घरातली कुठली वस्तू कुठं आहे हे आता अंधारातसुद्धा सांगता येतं. "टाकून दे" म्हणणाऱ्या सासूबाई आता स्वतः जुनं पातळ फाडायच्या आधी मला विचारतात, हत्तीच्या डब्यात जाणार का?

नानकटाईचे आभार मामींचे. आधी दर दिवाळीला मी मैदा, तूप, साखर घेऊन भट्टीवर जायची, नंबर लावायची, डबे भरून आणायची. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये भट्टी बंद, म्हणून कढईत मीठ पसरून घरीच करून बघितली तर सगळ्या पसरून एकमेकींना चिकटल्या. मामींनी फोनवर एकच विचारलं, "तूप पातळ घेतलीस का थिजलेलं?" पातळ घेतलं होतं. आता एक वाटी थिजलेलं तूप पांढरं होईस्तोवर फेसते, एक वाटी पिठीसाखर, दोन वाट्या मैदा आणि वर मूठभर बेसन. कढई आधी दहा मिनिटं तापवायची, मग मंद आचेवर भाजायच्या आणि गार होईपर्यंत बोट लावायचं नाही. गरम असताना त्या मऊच लागतात, कच्च्या राहिल्या असं वाटून जास्त भाजल्या की गेल्या. वरून तडा गेला की मी समजते, मामी पास करणार.

मामा, आता खरं सांगायचं ते सांगते. मी वाकळी शिवते, बाजाराच्या पिशव्या शिवते, तव्याचे हातरुमाल शिवते, तर लोक विचारतात, "विकत का नाहीस? एवढा वेळ घालवतेस, काही मिळतं का?" जवळची माणसंही विचारतात. त्यांचा हेतू वाईट नसतो, पण प्रत्येक वेळी हातातली सुई जड होते. दिवसभराची कामं उरकल्यावर दुपारचा दीड तास मी काहीतरी माझ्या हातानं, माझ्या मनासारखं करते, त्याचा हिशोब का लागावा, हे मला कधी नीट मांडता आलं नाही. तुम्ही तर उभी हयात शिलाईवर घर चालवलेलं माणूस. किंमत विचारायचा हक्क कुणाला असेल तर तुम्हाला. एवढ्या वर्षांत तुम्ही एकदाही विचारली नाहीत. दर वेळी वाकळ उलटी करून आतले टाके बघितलेत आणि सांगितलंत, "ही ओळ वाकडी गेलीया," किंवा "हांऽ, आता जमलं." ज्या नजरेनं तुम्ही तुमचं काम बघता त्याच नजरेनं माझं बघितलंत. मला दुसऱ्या कुणी असं वागवलं नाही. यासाठी तुमचे आभार मानायचे होते, बाकी सगळं त्याच्या मागून आलं.

तुमचं शेवटचं गठुळं त्या रात्री उघडलं. वर दोन लाल खण, धुऊन रंग काढलेले. खाली शर्टांचे चौकडे, पांढरी पॉपलीन, आणि मी मागच्या दिवाळीला नानकटाई भरून दिलेला डबा. तुमच्या घरून डबा कधी रिकामा आला नाही. या वेळी त्यात बटणं होती, रंगांप्रमाणे दोऱ्यात ओवलेली. डोळ्यांना दिसत नाही म्हणता आणि बटणं ओवून पाठवता मामा!

सुती गठ्ठ्यावर चिठ्ठी होती. या वेळी त्यावर अक्षर नव्हतं. तुमच्या खुणा करायच्या निळ्या खडूनं काढलेला हत्ती होता, सोंड जरा आखूड. मुलगी आता कॉलेजला जाते, तरी ती चिठ्ठी तिनं माझ्याकडून काढून घेतली आणि जुनीच्या शेजारी चिकटवली.

येत्या रविवारी आम्ही दोघी तुमच्याकडं येतो. अर्धी वाकळ सोबत आणते, कडेची पट्टी कोपऱ्यात वळवताना चुकतेय ती तुम्ही बोटांनी चाचपून सांगा, डोळे लागणार नाहीत. सुया मीच ओवून आणेन. नानकटाई थिजलेल्या तुपाची आहे, मामींना सांगा. आणि डबा परत द्यायची घाई करू नका.

तुमची भाची,
वडगाव, बेळगाव